ताळेबंद जुळला, पण तो खरा आहे का?

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला तास होता. लक्ष्मीपूजनाला घरोघरी वह्या पुजून झाल्या होत्या, म्हणून एस.वाय.बी.कॉम.च्या वर्गात मी सहज म्हटलं, "घरी धंदा आहे त्यांनी हात वर करा." तालुक्याच्या गावचं कॉलेज, साठ मुलांत बावीस हात वर आले. किराणा, मोबाइल दुरुस्ती, गुऱ्हाळ, मंडप, दूध संकलन, मसाला कांडायची एक डंकी. मग विचारलं, "गेल्या वर्षी त्या धंद्यात नफा किती झाला, हे कोण सांगू शकेल?" एकेक करत सगळे हात खाली गेले.

डंकीवाल्या मुलीला बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात १०० पैकी ८४ गुण होते. भागीदाराची निवृत्ती, ख्यातीचं मूल्यांकन, पुनर्मूल्यांकन खातं, असलं सगळं ती वीस मिनिटांत सोडवून मोकळी व्हायची. तीच मुलगी मला म्हणाली, "मॅडम, वर्षाच्या शेवटी आईच्या डब्यात काहीच उरत नाही. म्हणजे तोटाच असणार ना?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मुलगी हुशार आहे, मेहनती आहे. दोन वर्षं तिने हा विषय मन लावून केला. तरी डब्यातली रोकड आणि धंद्यातला नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विषयाचं पहिलं पाऊल तिच्यापर्यंत पोचलं नाही. हा दोष तिचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे आणि आमच्या प्रश्नपत्रिकांचा आहे. आम्ही मुलांना हिशेब मांडायला शिकवतो. तो वाचायला आणि त्याच्यावर शंका घ्यायला शिकवत नाही. वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत या विषयाचा पाया उलट्या बाजूने घातला जातोय, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या शनिवारी ती आईची वही घेऊन आली. शंभर पानी, कडा तेलकट झालेली. एका पानावर उधारी पेन्सिलने मांडलेली आणि पैसे आले की त्यावर आडवी रेघ. मिरची-धण्याची खरेदी निराळ्या पानावर, विजेची बिलं पिनेने टोचलेली. मधूनच "फी ६०००", "डॉक्टर ८००" अशाही नोंदी. काही आकडे कॅलेंडरच्या मागे होते, ते पान तिने फाडूनच आणलं होतं. आम्ही दोघींनी दोन शनिवार बसून त्या वहीतून वर्षाचा हिशेब उभा केला. आकडे मी इथे थोडे गोळाबेरीज करून देते.

एप्रिलच्या सुरुवातीला आईने १,२०,००० रुपयांची डंकी घेतली. त्यात स्वतःचे ४०,००० आणि बचत गटामार्फत बँकेचं कर्ज ८०,०००. वर्षभरात ६,००,००० रुपयांचा मसाला विकला, त्यातले ९०,००० मार्चअखेर दुकानदार आणि मेसवाल्यांकडून यायचे होते. मिरची, धणे, खोबरं, गरम मसाला मिळून ४,८०,००० ची खरेदी. आडत्याचे त्यातले १,३०,००० द्यायचे राहिले होते. वीज, पिशव्या आणि मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी मिळून १,००,०००. कर्जाचं व्याज ९,०००, मुद्दल फेडलं २४,०००. घरखर्चाला आणि फीला उचललेले २५,०००.

आधी रोकड मोजली. हातात आले ५,१०,०००. गेले ३,५०,००० मालाला, १,००,००० खर्चाला, ९,००० व्याजाला, २४,००० मुद्दलाला, २५,००० घरात. डब्यात राहिले दोन हजार. मुलगी म्हणाली ते खरंच होतं, डबा रिकामा होता.

मग नफा काढला. मिरचीचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, त्यामुळे ३१ मार्चला घराच्या मागच्या खोलीत १,१०,००० रुपयांचा कच्चा माल पोत्यांत पडून होता. विकलेल्या मसाल्याला लागलेला माल म्हणजे ४,८०,००० मधून हा साठा वजा, ३,७०,०००. सहा लाखांतून ते गेले, एक लाखाचा खर्च गेला, नऊ हजार व्याज गेलं. डंकी दहा वर्षं चालेल असं धरून १२,००० घसारा, म्हणजे वर्षभराच्या झिजेची किंमत, गेला. नफा उरला १,०९,०००.

ती आकड्याकडे बघतच राहिली. "मॅडम, हे पैसे कुठे आहेत?"

हाच तो प्रश्न. लेखाकर्माचा अख्खा पहिला वर्षभराचा अभ्यासक्रम या एका प्रश्नातून उलगडत नेता येतो. पैसे खोलीतल्या पोत्यांत आहेत, मेसवाल्याच्या उधारीत आहेत, फेडलेल्या मुद्दलात आहेत, तुझ्या फीत आहेत. आम्ही ताळेबंद मांडला: काय काय आहे, आणि ते कुणाच्या पैशातून. एका बाजूला डंकी १,०८,०००, साठा १,१०,०००, येणी ९०,०००, रोख २,०००. दुसऱ्या बाजूला आईचं भांडवल (४०,००० अधिक नफा, वजा उचल) १,२४,०००, बँकेचं कर्ज ५६,०००, आडत्याचं देणं १,३०,०००. दोन्हीकडे ३,१०,०००. ताळेबंद जुळला की मुलांना जो आनंद होतो, तो तिच्या चेहऱ्यावर दिसला. घरच्या आकड्यांचा ताळेबंद तिने पहिल्यांदाच जुळवला होता.

पण मला तिथे थांबायचं नव्हतं. मी विचारलं, "हे नव्वद हजार सगळे येणार का?" ती म्हणाली, एक मेस जानेवारीत बंद झाली, मालक गाव सोडून गेला, त्याच्याकडे तीस हजार आहेत. मग ते येणं म्हणायचं कसं? बुडीत धरले, नफा ७९,००० वर आला. "आणि मिरची सगळी चांगली आहे?" वरची पाण्याची टाकी गळून तीन पोत्यांना ओल लागली होती, काळी पडली होती. पंचवीस हजारांचा माल, आता शून्य किमतीचा. पुस्तकात तिने शेकडो वेळा लिहिलं होतं की साठ्याची मूळ किंमत आणि बाजारमूल्य यातली कमी असेल ती धरावी. ते वाक्य काळ्या पडलेल्या मिरचीवर लागू करायची वेळ आज आली होती. नफा ५४,०००. डंकी दहाऐवजी पाचच वर्षं टिकेल असं धरलं असतं तर घसारा दुप्पट होऊन नफा ४२,००० वर आला असता.

एक लाख नऊ हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत. आणि या सगळ्या प्रवासात डब्यातला एक रुपयाही हलला नाही. प्रत्येक टप्प्यावर ताळेबंद जुळतच होता.

व्यवसाय शिकणाऱ्या मुलाला लेखाकर्माचा पाया म्हणून काही द्यायचं असेल, तर ते हे आहे. विक्री नेमकी केव्हा झाली म्हणायची, साठ्याची किंमत काय धरायची, यंत्र किती वर्षं चालेल, कोणता ऋणको, म्हणजे उधारीवाला, पैसे देणार नाही. या चार-पाच प्रश्नांची उत्तरं माणूस ठरवतो, आणि त्यावर नफा ठरतो. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी. आमच्या परीक्षेत मात्र हे निर्णय आधीच घेऊन दिलेले असतात. तेरजेखाली (खात्यांच्या शिलकांच्या यादीखाली) समायोजना, म्हणजे वर्षअखेरच्या दुरुस्त्या, छापलेल्या असतात: "यंत्रावर १० टक्के घसारा आकारा", "ऋणकोंवर ५ टक्के तरतूद करा", "अखेरचा साठा अमुक रुपये". दहाच टक्के का, पाचच का, साठा कुणी मोजला, हे विचारायला पेपरात जागा नसते. मूल प्रत्येक समायोजनेचा दुहेरी परिणाम दाखवतं आणि पूर्ण गुण घेतं. विचार करायची जी जागा होती, ती प्रश्न काढणाऱ्यानेच भरून टाकलेली असते.

याची किंमत समाज म्हणून आपण मोजली आहे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवलेला, प्रत्यक्षात ६१ कोटी. आणि तो ताळेबंद जुळत होता. त्याच पत्रात आणखी एक आकडा आहे, ज्याकडे मी मुलांचं लक्ष नेहमी वेधते: ३७६ कोटी रुपयांचं येणं व्याज, तेही खोटं. पैसे नसतील तर त्यावरचं व्याज हातात येणारच नाही, ते नुसतं "येणे" म्हणून मांडावं लागतं. बँकेत हजारो कोटी ठेवलेत, मग व्याज एवढं थकतं कसं, हा प्रश्न डंकीच्या हिशेबात "हे नव्वद हजार खरंच येणार का" या प्रश्नाला तोंड दिलेल्या पोरीला सुचू शकतो. नमुन्यात आकडे भरायचीच सवय लागलेल्याला सुचणं कठीण.

हैदराबाद लांब वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले आणि खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त एक हजार रुपये काढायची मुभा राहिली. एकाच बांधकाम समूहाला दिलेली थकलेली कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचा आरोप पोलीस तक्रारीत झाला. बँकेच्या दारात रांगा लावणाऱ्यांत निवृत्त शिक्षक होते, रिक्षावाले होते, गृहनिर्माण संस्थांचे सचिव होते. त्यांच्यापैकी कोणी ताळेबंद वाचून हे ओळखायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. इतकं खोलवर दडवलेलं लेखापरीक्षकालाही सापडत नाही. पण कर्जं कुणाला आणि किती एकवटलेली आहेत, थकीत कर्जासाठी तरतूद किती, हे सभेत विचारणारी माणसं ज्या संस्थेत असतात, तिथे लपवणाऱ्याचा हात थोडा तरी आखडतो.

आणि महाराष्ट्र तर सभासदांचं राज्य आहे. पतसंस्था, दूध संघ, गृहनिर्माण संस्था, साखर कारखाने. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणून सप्टेंबर महिना गावोगावी सभांचा. छापील अहवाल हातात पडतो, त्यात ताळेबंद असतो, नफा-तोटा पत्रक असतं, लेखापरीक्षकाचे शेरे असतात. विषय वाचला जातो आणि मांडवातून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" त्या मांडवात आता वाणिज्य पदवीधर कमी नाहीत. आपल्या बापाच्या उसाचे पैसे ज्या कागदावर आहेत, तो कागद त्यांनी उलगडून पाहिलेला नसतो.

साखर कारखान्याचा ताळेबंद हे तर या विषयाचं उत्तम पाठ्यपुस्तक आहे. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी (सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत) द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पण साखर विकायची वर्षभर, केंद्र सरकार महिन्याला ठरवून देईल त्या कोट्याप्रमाणे. पैसे आत्ता द्यायचे आणि मिळणार पुढे, म्हणून साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घ्यायची. ३१ मार्चला गोदाम भरलेलं असतं, आणि त्या साखरेची किंमत काय धरली यावर कारखान्याचा नफा की तोटा हे बरंचसं ठरतं. आईची मिरचीची पोती आणि कारखान्याची साखरेची पोती, प्रश्न एकच. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर, सोलापूरच्या कॉलेजांत हा अहवाल वर्गात आणून वाचला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. मुलं त्याऐवजी पुस्तकातल्या "राम आणि श्याम" यांच्या भागीदारीचे हिशेब सोडवतात.

आता भाषेबद्दल. हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे.

आपल्याकडे कोणी दुकानातून सामान घेऊन म्हणतं, "अण्णा, माझ्या नावावर मांडून ठेवा." अण्णा विचारतात, "त्याच्या नावे किती निघतात रे?" नावे म्हणजे त्याने घेतलं, त्याच्याकडून येणं आहे. पैसे आणून दिले की जमा. ज्या आजीला सही करता येत नव्हती, तिलाही नावे आणि जमा कळत होतं. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, हा शब्द पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवर आहे. कुलकर्णी, फडणीस, पोतनीस, मुजुमदार या आडनावांत गावाचा आणि राज्याचा हिशेब राखणारी पदं आहेत. खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा, उचल, हे शब्द ऐकताच वस्तू डोळ्यासमोर येते. घसारा म्हणजे घासून घासून झिजणं. "डेप्रिसिएशन" म्हणताना डंकीची झिजलेली मुसळं मुलाला दिसत नाहीत.

बारावीपर्यंत मराठीतून हे शिकलेलं मूल माझ्याकडे पदवीला आलं की हे शब्द बाहेर ठेवतं, चपला ठेवाव्यात तसं. डेबिट-क्रेडिट सुरू होतं. आणि डेबिट म्हटलं की त्याला आठवतं डेबिट कार्ड आणि पैसे कापले गेल्याचा बँकेचा संदेश. म्हणजे डेबिट म्हणजे वजा, क्रेडिट म्हणजे अधिक, अशी खूणगाठ बसते. मग पुस्तकात "बँकेत पैसे भरले, बँक खातं डेबिट" असं आलं की तो गोंधळतो, आणि गोंधळ लपवण्यासाठी नियम पाठ करतो.

हा गोंधळ मराठीतून दोन मिनिटांत सुटतो. पासबुक हे तुझं पुस्तक आहे असं तुला वाटतं, पण ते बँकेच्या खतावणीतल्या तुझ्या पानाची नक्कल आहे. तू बँकेला पैसे दिलेस, म्हणून बँकेने आपल्या वहीत तुझ्या खात्यावर जमा केले. ती आता तुझं देणं लागते. तुझ्या वहीत मात्र बँकेने तुझ्याकडून पैसे घेतलेत, तेव्हा बँकेच्या नावे. अण्णांच्या वहीत तू जसा, तशी तुझ्या वहीत बँक. एकच व्यवहार, दोन वह्या, दोन बाजू. मुंबईत इंग्रजी माध्यमातून बी.एम.एस. किंवा एम.बी.ए. करणाऱ्या मराठी मुलांनाही मी हे असंच सांगितलंय, आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं, हे आधी का नाही सांगितलं? इंग्रजी संज्ञा शिकायलाच हव्यात, नोकरीत त्याच लागतात. पण समज आपल्या भाषेत आधी बसली की संज्ञा त्यावर सहज चढते.

माझ्या या म्हणण्यावर येणारे आक्षेप मी रोज स्टाफरूममध्ये ऐकते. पहिला: आता टॅली आहे, जीएसटीची सॉफ्टवेअर आहेत, दुकानदाराच्या मोबाइलवर ॲप आहे, नोंदी यंत्र करतं, मुलांनी कशाला डोकं शिणवायचं? मला यातूनच उलट निष्कर्ष निघतो. नोंद आणि खतावणी यंत्राकडे गेली असेल, तर माणसाकडे उरलं काय? गेलेल्या मेसवाल्याचे तीस हजार यंत्राला कळत नाहीत. काळी पडलेली मिरची त्याला दिसत नाही. जे सांगाल ते घेऊन यंत्र क्षणात ताळेबंद जुळवून देतो. ज्या कामाला आता पगार मिळणार नाही त्याचीच परीक्षा आपण तीन वर्षं घेतो, आणि ज्याला मिळणार आहे ते शिकवायला वेळ नाही म्हणतो.

दुसरा आक्षेप: छोट्या व्यापाऱ्याला आयकरात उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरायची सवलत आहे, वह्या ठेवायची सक्ती नाही, मग घरच्या धंद्याचा हिशेब कशाला? ही सवलत चांगली आहे, तिने लहान माणसाचा त्रास वाचतो. पण तिच्यामुळे एक समज घट्ट झाला की हिशेब ही सरकारला द्यायची गोष्ट आहे. उधारी किती वाढू द्यायची, मसाल्याचा भाव काय ठेवायचा, दुसरं कर्ज झेपेल का, हे करखातं विचारत नाही. ते आईला स्वतःला कळायला हवं.

तिसरा आक्षेप मी मनापासून मान्य करते. कित्येक ठिकाणी एका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, तासाला पन्नास मिनिटं, विद्यापीठाचा पेपर ठरलेला. प्रत्येकाची वही बघायची कधी? आणि सराव तर लागतोच. गायकाला पलटे घोटावे लागतात तसे हाताला किर्दीच्या नोंदी घोटाव्या लागतात, त्याशिवाय आकडा कुठून कुठे जातो ते अंगात मुरत नाही. मी सराव बंद करा म्हणत नाही. क्रम बदला म्हणते.

१४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या साधूने आपल्या गणिताच्या ग्रंथात तिथल्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची रीत छापून दिली. तो सुरुवात करतो ती यादीपासून: तुझ्याकडे जे जे आहे आणि जे देणं आहे, ते सगळं आधी एका जागी लिहून काढ. नोंदी त्यानंतर. आम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात व्यक्तिगत, वास्तव आणि नामधारी खात्यांचे तीन नियम फळ्यावर लिहितो, ताळेबंद येतो वर्षाच्या शेवटी, आणि तोवर मूल कशासाठी चाललोय हे विसरलेलं असतं. पहिल्या दिवशी ताळेबंद आणा. चहाच्या टपरीचा, वर्गातल्या वर्गात तोंडी. काय आहे, कुणाचं देणं आहे, स्वतःचं किती. मग एकेक व्यवहार घडवा आणि बघा ती यादी कशी हलते. नियम मुलं स्वतः शोधून काढतात, मी हे होताना पाहिलंय.

बचत गटातल्या बायकांचं बघा. त्यांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला नियमित लेखे आहेत. दहा-बारा बायकांसमोर दर बैठकीला पैसे मोजले जातात, वहीत लिहिले जातात आणि वाचून दाखवले जातात. आकडा चुकला तर जिचे पैसे तीच बोलते. आठवी शिकलेली सचिव तो हिशेब समजून लिहिते, कारण त्यामागे खरे पैसे आणि खरी माणसं आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक दिलेत. वेळ नाही हे कारण त्यामुळे अर्धं तरी संपलं आहे. मुलांनी एका खऱ्या दुकानाचा एक महिन्याचा हिशेब उभा करावा, मालकाचं नाव न लिहिता. दुसऱ्या सत्रात एक खरा वार्षिक अहवाल वाचावा, कारखान्याचा, पतसंस्थेचा किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा. तो हातात घेतल्यावर त्यांना पहिला धक्का बसेल तो मांडणीचा. २०१३ च्या कंपनी कायद्याची तिसरी अनुसूची उभी मांडणी सांगते, आणि मुलांना सवय असते डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता अशा दोन बाजूंची. मग टिपा वाचाव्यात, कारण साठा कसा मोजला आणि घसारा कसा धरला हे तिथेच लिहिलेलं असतं. रोख प्रवाह पत्रक नफ्याशेजारी ठेवून बघावं. आणि पेपरात निदान एक प्रश्न असा यावा की ताळेबंद तयार छापलेला आहे, आता तुम्ही त्याला पाच प्रश्न विचारा. असा पेपर तपासणं अवघड जाईल, कारण उत्तरं एकसारखी येणार नाहीत. ते अवघड काम करायची तयारी आम्ही शिक्षकांनी ठेवली पाहिजे.

त्या मुलीने ५४,००० चा हिशेब घरी नेला. आईने तो ऐकून घेतला आणि विचारलं, "मी रोज पहाटे पाचपासून डंकीवर बसते. त्या बाईची मजुरी लिहिलीस. माझी कुठल्या पानावर आहे?" सोमवारी तास संपल्यावर मुलगी दाराशी थांबली आणि तिने तो प्रश्न मला विचारला. मी तिला सांगितलं की एकट्याच्या धंद्यात मालकाची मजुरी खर्चात येत नाही. तुझ्या आईची मजुरी त्या ५४,००० मध्येच आहे, आणि तिने घातलेल्या चाळीस हजारांचं व्याजही त्यातच. तिने वहीच्या कडेला भागाकार केला. महिन्याला साडेचार हजार. मग खाली मदतीला येणाऱ्या बाईला महिन्याला मिळणारी मजुरी लिहिली आणि दोन्ही आकडे बराच वेळ बघत राहिली.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी मसाल्याचा किलोमागचा दर वाढवला आणि मेसवाल्यांना अर्धे पैसे आगाऊ मागायला सुरुवात केली. आईच्या वहीत आता एक पान जास्त आहे. त्याच्या डोक्यावर मुलीच्या अक्षरात लिहिलंय: "आईची उचल".